रिसीव्हर खराब आहे की सेटअप चुकलाय? ओनर्सची मतं वाचताना हे दोन वेगळे कसे काढायचे

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं मशीन, घ्यायचा म्हटलं की आपण सगळे आधी एकच काम करतो, ज्यांनी घेतलाय ते काय म्हणतायत ते वाचत बसतो. आणि तासाभरात डोकं गरगरायला लागतं. एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो असा क्लिअर आवाज आजवर ऐकला नव्हता, दुसरा म्हणतो डायलॉग ऐकूच येत नाहीत, पैसे पाण्यात गेले. आणि दोघंही खरंच बोलत असतात. फक्त दुसरा माणूस ज्याला रिसीव्हरचा दोष म्हणतोय तो बऱ्याचदा सेटअपचा दोष असतो, आणि बाहेरून हे दोन्ही अगदी सारखे दिसतात, म्हणून तर एवढा गोंधळ.

मी स्वतः यातून गेलोय. पहिला रिसीव्हर मी डायलॉग दबलेले येतात म्हणून दोन महिन्यांत विकून टाकला, त्याच्या वरचं मॉडेल आणलं, आणि पहिल्याच रात्री परत तोच प्रकार, गाड्या भिंती हलवतायत आणि माणसं मात्र पुटपुटतायत. तेव्हा कुठे मी नीट रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघितलं, तर इनपुटला पीसीएम (साधा, उलगडलेला डिजिटल आवाज) आणि दोनच चॅनल दिसत होते. टीव्हीच्या साऊंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर होतं, म्हणजे पिक्चरचा ५.१ ट्रॅक (पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा) टीव्हीच आधी दोन चॅनलमध्ये कालवून रिसीव्हरला देत होता, कारण साध्या आर्कवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे नेणारी वाट) पीसीएम पाठवलं की ते दोनच चॅनलचं जातं. ज्या सेंटर स्पीकरमधून डायलॉग यायला हवेत तो चक्क बंद होता. ते सेटिंग पास थ्रूवर, म्हणजे ट्रॅक जसाच्या तसा पुढे पाठव, असं केलं आणि त्याच सीनमधलं कुजबुजणंसुद्धा समोरून स्वच्छ आलं. म्हणजे विकलेल्या रिसीव्हरमध्ये काहीच वाईट नव्हतं. तो घेऊ नका असं मी ज्या दोघांना सांगितलं होतं त्यांना मी फोन करून चूक सांगितली, कारण आपलं एक वाक्य ऐकून माणूस चांगली वस्तू सोडून देतो.

तर आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे आवाजात दम नाही, व्हॉल्यूम ६० वर नेला तरी पुरेसं वाटत नाही. हे वाचलं की वाटतं अँप्लिफायर कमजोर आहे. पण रिसीव्हरवरचा आकडा म्हणजे किती टक्के ताकद वापरली हे नव्हे. कॅलिब्रेशन (माइकने मोजून स्पीकर जुळवणं, त्यावर पुढे बोलतो) केल्यावर ० डीबी (डेसिबल) ही खूण म्हणजे सिनेमा थिएटरची रेफरन्स लेव्हल, जिथे मुख्य चॅनलचे पीक १०५ डीबीपर्यंत आणि सबवूफरच्या एलएफई, म्हणजे खास खालच्या बासच्या, चॅनलचे ११५ डीबीपर्यंत जाऊ शकतात. काही ब्रँडच्या ० ते ९८ वाल्या स्केलवर ही खूण ८० ला असते, म्हणजे ६० म्हणजे रेफरन्सच्या २० डीबी खाली, तिथे अँप्लिफायरवर तसा काही लोड येतच नाही. त्यामुळे आकडा मोठा दिसतोय म्हणून मशीन दमलंय असं अजिबात नाही. खरोखर दमलेलं मशीन वेगळं ऐकू येतं, मोठ्या सीनला आवाज फाटतो, कर्कश होतो, किंवा रिसीव्हर स्वतःच बंद पडतो.

वॅटचा आकडाही इथेच फसवतो. एका ठिकाणी ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०५ टक्के डिस्टॉर्शन असं मोजून ९० वॅट लिहिलेले असतात, आणि दुसऱ्या ठिकाणी ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन असं मोजून १५० वॅट. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीतच, १५० वाला ९० वाल्यापेक्षा कमीही भरू शकतो. आणि खरोखर ताकद दुप्पट झाली तरी आवाज वाढतो फक्त ३ डीबी. ८४ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो, त्याचा आकडा) स्पीकरऐवजी ९० डीबीचा लावला तर तोच फरक ६ डीबीचा, म्हणजे चौपट वॅट दिल्यासारखा. म्हणून एखाद्याने दम नाही लिहिलं आणि कुठले स्पीकर लावलेत ते लिहिलं नाही, तर त्या मतातून रिसीव्हरबद्दल काहीच कळत नाही.

आता कॅलिब्रेशन. इथे मी जरा जास्त थांबणार, कारण माझ्या मते निम्मी भांडणं इथलीच आहेत. ऑडिसी, वायपाओ, एमकॅक, डिराक, नाव काहीही असो, काम तेच, माइकने स्पीकरचं अंतर, लेव्हल आणि रूमचा परिणाम मोजायचा. बरेच जण तो छोटा माइक सोफ्याच्या पाठीला टेकवून ठेवतात किंवा उशीवर ठेवतात, मागे एसी किंवा पंखा चालू, आणि पाच मिनिटांत उरकतात. उशी वरचे सूर खाते, पाठीवरून आवाज परतून माइकमध्ये शिरतो, आणि रिसीव्हर त्या चुकीच्या मापावरच सगळं दुरुस्त करत बसतो. मग लिहिलं जातं, रूम करेक्शन चालू केलं की आवाज मेल्यासारखा होतो, फालतू फीचर. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, स्टँडवर, सोफ्याच्या पाठीपासून जरा पुढे, घरात शांतता, एवढं करून परत रन करा आणि मग बोला. त्यानंतर एकदा मेनूत जाऊन बघायचंच की त्याने स्पीकर लार्ज तर नाही ना ठरवले, कारण छोट्या बुकशेल्फ स्पीकरला लार्ज म्हटलं की खालचा बास सबवूफरकडे न जाता त्या बिचाऱ्या पाच इंची कोनवर पडतो, मग बासही नाही आणि मिड्स, म्हणजे मधले सूरही चिरकतात. स्मॉल करायचं, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करायचा. आणि सबवूफर तीन मीटरवर असताना रिसीव्हरने पाच मीटर दाखवलं म्हणून घाबरून ते बदलू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला थोडा उशीर होतो, तो उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपात लिहितो. बरेच ओनर्स याला माप चुकलं म्हणून बग समजतात आणि हाताने बरोबर करायला जाऊन बिघडवतात.

रिसीव्हर अचानक बंद होतो, समोर लाल लाईट ब्लिंक होते, ही तक्रार वाचून सगळ्यात जास्त भीती वाटते. माझ्याकडे एकदा हे झालं होतं. मागे टॉर्च मारून बघितलं तर फ्रंट लेफ्टच्या लाल टर्मिनलमधून तांब्याची एकच तार, केसाएवढी, बाहेर येऊन शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकलेली. तेवढ्यावर प्रोटेक्शन सर्किटने मशीन बंद केलं होतं, म्हणजे जे करायला हवं तेच केलं होतं. वायर परत सोलून, पीळ देऊन, बनाना प्लग लावला, तेव्हापासून परत कधी झालं नाही. आता हाच प्रकार सगळ्या स्पीकर वायरी काढून, नुसता पॉवरला लावून ऑन केला तरी होत असेल, तर मात्र दोष नक्की आतला आहे, आउटपुट ट्रान्झिस्टर नाहीतर पॉवर सप्लाय, तिथे घरी काही करायला जाऊ नका, सर्व्हिसलाच न्या. बघा, लाईट तीच, ब्लिंक तेच, आणि दोन अर्थ किती लांबचे.

एचडीएमआयच्या बाबतीत मात्र मी ओनर्सच्या बाजूने आहे, कारण इथे रिसीव्हरचे खरे दोष झालेले आहेत. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ वाले पहिले रिसीव्हर आले तेव्हा त्यातल्या अनेकांत एकाच प्रकारची चिप होती, आणि त्या वेळच्या नव्या गेमिंग कन्सोलवरून ४के १२० हर्ट्झ सिग्नल त्यातून पाठवला की स्क्रीन काळी. लोकांनी केबल बदलल्या, मेनू पालथे घातले, तुमचंच काहीतरी चुकतंय असं ऐकून घेतलं, आणि शेवटी कळलं की दोष हार्डवेअरचा आहे, फर्मवेअरने जाणार नाही, कंपन्यांना वेगळं अ‍ॅडॉप्टर द्यावं लागलं किंवा बोर्ड बदलून द्यावा लागला. म्हणून सगळं सेटअपवर ढकलणारेही मला पटत नाहीत. पण याच भागात सेटअपच्या चुकाही तेवढ्याच आहेत, बऱ्याच रिसीव्हरमध्ये एचडीएमआयचा सिग्नल फॉरमॅट मेनूतून एन्हान्स्ड किंवा ८के असा वाढवावा लागतो, टीव्हीत त्या पोर्टचं वेगळं सेटिंग असतं, आणि केबल अल्ट्रा हाय स्पीडची, म्हणजे ४८ जीबीपीएसची लागते. यातलं एक जरी राहिलं तरी स्क्रीन तशीच काळी.

अ‍ॅटमॉस, म्हणजे डॉल्बीचा वरूनही आवाज देणारा फॉरमॅट, येत नाही म्हणणाऱ्यांचंही असंच. आर्क आलं २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये, ई-आर्क, म्हणजे त्याचं जास्त डेटा नेणारं रूप, आलं २.१ मध्ये. स्ट्रीमिंग अ‍ॅप्सचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतं, ते साध्या आर्कवरूनही जाऊ शकतं, टीव्हीने पाठवलं तर. ब्लू-रेचं ट्रूएचडीतलं (डॉल्बीच्या पूर्ण दर्जाच्या, जड फॉरमॅटमधलं) अ‍ॅटमॉस जात नाही, त्याला ई-आर्क पाहिजे किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडायला पाहिजे. तेव्हा "माझ्या रिसीव्हरला अ‍ॅटमॉस येत नाही" हे मत वाचलं की आधी विचारा, टीव्हीतून की थेट.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. चालू करताना किंवा फॉरमॅट बदलताना येणारा टिक आवाज रिलेचा असतो, दोष नाही. सबवूफरमधून सतत गुणगुण येत असेल तर आधी टीव्हीला येणारी केबल किंवा अँटेनाची वायर काढून बघा, गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या मशीनच्या अर्थिंगमधून करंट फिरतोय. बास हरवल्यासारखा वाटत असेल तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागलेली असू शकते, वायर रिसीव्हरकडून काढून १.५ व्होल्टचा सेल, प्लस लाल वायरला, क्षणभर टेकवा, वूफरचा कोन साधारणपणे बाहेर यायला हवा, एखाद्याचाच आत गेला तर तो उलटा.

गरम होणं हे मधलं प्रकरण आहे, याला मी ना पूर्ण सेटअपचा दोष म्हणेन ना पूर्ण मशीनचा. क्लास एबी अँप्लिफायर गरम होणारच, वरच्या जाळीवर हात ठेवला की चांगलं ऊन ऊन लागतं. पण तोच बंद कॅबिनेटमध्ये, डोक्यावर सेट टॉप बॉक्स ठेवून चालवला की आतले कपॅसिटर आणि एचडीएमआय बोर्ड लवकर म्हातारे होतात, आणि तीन वर्षांनी पोर्ट गेला की मत लिहिलं जातं, टिकाऊ नाही. आता तो मोकळ्या जागेत टिकला असता का, हे त्या मतावरून ठरवता येत नाही. वर निदान वीतभर जागा मोकळी ठेवलेल्या दोन-चार ओनर्सनीही तेच लिहिलं असेल तर मी ते गंभीरपणे घेतो.

घरी ओळखायची एक पद्धत आहे जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तक्रार कोणाबरोबर हलते ते बघायचं. रिसीव्हर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या मागे अदलाबदल करा. खरखर आधी डावीकडे होती आणि आता उजवीकडून येतेय, म्हणजे ती रिसीव्हरच्या आउटपुटबरोबर किंवा सोर्सबरोबर गेली. डावीकडेच राहिली तर स्पीकर किंवा वायर. मग सोर्स बदला, दुसरा इनपुट लावा, शेवटी रिसीव्हर फॅक्टरी रिसेट करा. एवढं करूनही तक्रार रिसीव्हरलाच चिकटून असेल तर ती रिसीव्हरची.

आणि हे फक्त तक्रारींचं नाही, कौतुकाचंही असंच आहे, याकडे कोणी लक्ष देत नाही. नवा रिसीव्हर आणला आणि आवाज एकदम खुलला असं लिहिणाऱ्याने बऱ्याचदा त्याच दिवशी वायरी नव्याने लावलेल्या असतात, कॅलिब्रेशन पहिल्यांदा नीट केलेलं असतं, कधी कधी सोबत सबवूफरही नवा आलेला असतो. जुन्या मशीनला तेवढंच प्रेम दिलं असतं तर कदाचित तेही खुललं असतं.

म्हणून हल्ली कोणी मला एखाद्या मॉडेलबद्दल सांगायला लागलं, चांगलं किंवा वाईट, तर मी चारच गोष्टी विचारतो, स्पीकर कुठले, बसायची जागा किती लांब, सोर्स टीव्हीतून की थेट, आणि वापरून किती महिने झाले. पहिल्या आठवड्यातलं मत मी सेटअपबद्दलचं म्हणून ऐकतो. दोन-तीन वर्षं वापरलेल्या माणसाचं मत रिसीव्हरबद्दलचं असायची शक्यता जास्त, कारण तोवर त्याने सेटिंग्ज सगळी पालथी घातलेली असतात, आणि त्याच्याकडे बसून मी अर्धा तास जास्त काढतो.