एमिली लिटेला: चूक फक्त एका शब्दाची

अमेरिकेतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमातली म्हातारी एमिली लिटेला लुटुपुटीच्या बातम्यांच्या टेबलाशी का बसते, हे तिचे जुने तुकडे आज पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका सरकारी नियमात आहे. १९४९ पासून तिथल्या प्रसारण केंद्रांवर 'फेअरनेस डॉक्ट्रिन' लागू होतं: वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर एक बाजू मांडली, की विरोधी मतालाही वाव द्यायचा. त्यामुळे केंद्राच्या संपादकीयाला उत्तर द्यायला एखादा साधा नागरिक कॅमेऱ्यासमोर येऊन बसे, सवय नसल्यामुळे अवघडलेला. हा नियम १९८७ मध्ये गेला.

एनबीसी वाहिनीवर ऑक्टोबर १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाने याच प्रथेची खिल्ली उडवली. पहिल्याच हंगामात नटी गिल्डा रॅडनरने एमिली उभी केली. लहानपणी रॅडनरला सांभाळणाऱ्या, कानाने अधू असलेल्या 'डिबी'वरून एमिली बेतली होती.

कानाने अधू म्हातारी माणसं आपल्या नाटकांतही पैशाला पासरी. पण ती वाक्यागणिक चुकतात. एमिली चुकते एकदाच, आणि त्या चुकीवर चिरेबंदी युक्तिवाद रचते. टीव्हीवरच्या 'व्हायलन्स'ला, म्हणजे हिंसाचाराला, विरोध होतोय, हे ती 'व्हायलिन्स' असं ऐकते. मग विचारते, रात्री दहानंतरच व्हायोलिन दाखवली तर झोपलेल्या मुलांना संगीताची गोडी लागणार कशी? शेवटी निवेदक चेव्ही चेस चूक दाखवतो. "अच्छा, मग ते वेगळंच की," म्हणून ती कॅमेऱ्याकडे बघत गोड हसते: "नेव्हर माइंड." म्हणजे, राहू दे.

गफलत पहिल्याच वाक्यात प्रेक्षकांच्या लक्षात येते. म्हणून शेवटच्या खुलाशावर भिस्त ठेवून भागत नाही. हशा मधल्या मिनिटभराच्या तळमळीतूनच काढावा लागतो. नटी मधेच मिस्कील झाली, की संपलं. दुसरी अट अशी, की खरा शब्द प्रेक्षकांच्या कानात आधीपासून घुमत असला पाहिजे. टीव्हीवरच्या हिंसाचाराच्या तक्रारींमुळे १९७५ मध्ये वाहिन्यांनी संध्याकाळचा 'कौटुंबिक तास' ठरवला होता. व्हायोलिनचा विनोद त्यावर उभा आहे. शाळांमधली वर्णविभागणी मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत धाडण्यावरून बॉस्टन पेटलं होतं. एमिलीने या 'बसिंग'चं 'बस्टिंग', म्हणजे मोडतोड, केलं. 'सोव्हिएत ज्यूरी', म्हणजे तिथला ज्यू समाज, तिच्यासाठी 'ज्वेलरी' झाला. मूळ बातमी विस्मरणात गेली की विनोदाला तळटीप लागते, आणि तळटीप लागली की हसू मावळतं.

धोका होता तो ठरलेल्या साच्याच्या कंटाळ्याचा. १९७६ मध्ये चेसने कार्यक्रम सोडला, निवेदनाची खुर्ची जेन कर्टिनकडे आली आणि लेखकांनी या कंटाळ्यालाच कामाला लावलं. कर्टिन वैतागून एमिलीची खरडपट्टी काढू लागली. म्हातारी सगळं निमूट ऐकून घेई आणि कधी 'नेव्हर माइंड'च्या जागी त्याच गोड आवाजात एक शिवी हासडून मोकळी होई.