कालच्या भागाची चर्चा (पुणे)

टीव्हीवरच्या गुन्ह्याच्या सिरियलचा ताजा भाग बघून झाला की, बहुतेक करून दुसऱ्या दिवशी सकाळी, चार-सहा जणांनी चहावर किंवा कट्ट्यावर जमून खून कुणी केला, पोलिसांचं कुठं चुकलं आणि लेखकानं कुठं पाणी घातलं यावर घातलेला वाद. पुण्यात याला वेगळं नाव नाही, कुणीतरी नुसतं 'काल बघितलंस का?' म्हणतं आणि तिथून सुरू होतं. रहस्यमालिका, गुन्हेमालिका हे शब्द पेपरातले, बोलताना सिरियलच. सासू-सुनांच्या सिरियलवर पण लोक भरपूर बोलतात पण ते बोलणं स्वभावावर असतं, कोण चांगली कोण वाईट, तर गुन्ह्याच्या सिरियलवरचं बोलणं पुराव्यावर असतं आणि या नोंदीत फक्त ही दुसरी जात घेतलीय.

ही सवय पुण्यात कधी लागली यावर तीन मतं ऐकू येतात. पहिलं मत वाचनाचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पुण्यातल्या भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला आणि पेठांमधल्या वाचनालयांत ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली, त्यामुळे तर्क लढवायची चटक आधीपासूनच होती असं हे मत सांगतं. दुसरं मत जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले, संध्याकाळनंतर लोक दार उघडेनात, कडी, साखळी, दोरी, कोण कुठल्या वेळी घरात शिरलं याबद्दल घराघरात बोलणं व्हायचं, आणि २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी झाली तोपर्यंत हा विषय सुटलाच नव्हता. तिसरं मत साधं आहे, हे सगळं टीव्हीमुळे.

पहिल्या मतात तथ्य आहे पण पुस्तक ज्याचं त्यानं एकट्यानं वाचायचं असतं, एक जण पान चाळीसवर तर दुसऱ्याचं संपलेलं, वाद होणार कसा. दुसऱ्या मताबद्दल जपून बोलायला हवं, कारण ज्यांनी तो काळ बघितलाय ती माणसं आजही त्यावर आवाज खाली करून बोलतात, आणि ती भीती होती, करमणूक नव्हती, त्यामुळे तिला सिरियलच्या गप्पांची आई म्हणणं पटत नाही. तिसरं मत जास्त बरोबर वाटतं. चर्चा व्हायला सगळे एकाच दिवशी एकाच जागी अडकले पाहिजेत, आणि हे अडकवायचं काम टीव्हीनं केलं.

पुण्याला टीव्ही दिसायला लागला १९७३मध्ये, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई केंद्राचेच कार्यक्रम यायचे. गुन्ह्याची सिरियल आठवड्यातून एकदा असायची आणि चॅनेल एकच, त्यामुळे जे वाड्यात एकानं बघितलं ते सगळ्यांनी बघितलं. १९८५चं करमचंद, मग मराठीतलं एक शून्य शून्य (ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाचं धरतात, मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवरचं, नाव पोलिसांच्या १०० नंबरावरून), मग १९९३चं ब्योमकेश बक्षी, हा क्रम जुन्या लोकांना तोंडपाठ असतो. एक शून्य शून्यचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि नट शिवाजी साटम हीच जोडी पुढे २१ जानेवारी १९९८ला सीआयडी घेऊन आली. ती सिरियल २७ ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली, पंधराशेच्या वर भाग झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये परत सुरू झाली. सिरियल हिंदी, पण पुण्यातला तिच्यावरचा वाद पहिल्यापासून मराठीत.

या वादातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात लांबलेला मुद्दा म्हणजे ही सीआयडी नक्की कुठली सीआयडी. बाहेरगावच्या माणसाला यात बोलण्यासारखं काय आहे असं वाटेल, पण महाराष्ट्राच्या राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, पाषाण रस्त्यावर, रोज हजारो लोक त्याच्यावरून कामाला जातात आणि त्यांना टीव्हीवरची सीआयडी मुंबईत बसलेली दिसते. एका बाजूचं म्हणणं असं की सिरियल मुळातच चुकलीय, तिच्यातला मुख्य अधिकारी प्रद्युम्न हा एसीपी दाखवलाय, पण राज्य सीआयडी राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या हाताखाली असते, तिथं अधीक्षक असतात, उपअधीक्षक असतात, एसीपी हा हुद्दाच नसतो, कारण एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त आणि जिथं आयुक्तालय तिथंच तो असणार. शिवाय राज्य सीआयडी काही फोन आला की गाडी काढून धावत नाही, सरकारनं सोपवलेले तपास, कोठडीतले मृत्यू, असली कामं तिच्याकडे असतात. दुसरी बाजू म्हणते की मुंबई पोलिसांच्या क्राइम ब्रँचच्या कागदावरच्या नावात सीआयडी हा शब्द कित्येक वर्षं आहे, डीसीबी सीआयडी असं लिहितात, आणि मुंबईत आयुक्तालय असल्यामुळे तिथं एसीपी अगदी बरोबर. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण सिरियलमधली माणसं मुंबईत काम करतात हे धरलं तर दुसरी बाजू थोडी जड ठरते, अर्थात फोरेन्सिक लॅब शेजारच्या खोलीत आणि डॉक्टर साळुंखे चोवीस तास हजर याचं समर्थन कुठल्याच बाजूला करता येत नाही.

हाच हुद्द्याचा मुद्दा पुढे देवमाणूसच्या वेळी उलटा होऊन आला. झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२०ला ही सिरियल सुरू झाली, रात्री साडेदहाला, गावातला लाडका डॉक्टर आतून खुनी. २०१६ साली उघडकीला आलेल्या वाई तालुक्यातल्या धोमच्या प्रकरणावरून (तिथंही खुनांचा आरोप गावातल्या डॉक्टरवरच होता) ती सुचली असं सर्रास मानलं जातं, आणि वाई पुण्याहून दोन-अडीच तासांवर, साताऱ्याकडची कितीतरी कुटुंबं हडपसर-कात्रज भागात राहतात, त्यामुळे इथली चर्चा जरा जवळच्या माणसाबद्दल बोलावं तशी व्हायची. तिथं तपासाला आलेल्या दिव्या सिंग ह्या एसीपी, आणि गाव तर गाव, आयुक्तालय नाही काही नाही. ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी असतो, त्याला लोक डीवायएसपी म्हणतात. हे पकडणारे सगळे एकाच ठिकाणचे निघतात, ते म्हणजे सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांमधली पीएसआयच्या परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली. पुण्यातली ही चर्चा दुसऱ्या शहरांपेक्षा वेगळी कशानं झाली असं विचारलं तर माझं उत्तर ही मुलं असंच आहे. दिवसभर कलमं पाठ करायची, रात्री खाणावळीत ताट घेऊन बसलं की समोर टीव्हीवर तीच कलमं चुकीची चाललेली, गप्प कसं बसवेल.

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेखालच्या टपरीवर ऐकलेला वाद इथं देतोय. आदल्या रात्रीच्या भागात बंगल्यात खून झालेला आणि नोकर मागच्या दारानं पळाला की नाही हा प्रश्न होता. एका मुलानं स्टीलच्या बाकड्यावर बिस्किटं मांडली, चार बिस्किटं चार खोल्या, काडेपेटी म्हणजे जिना, ग्लास म्हणजे विहीर. मग म्हणाला, कुत्रा इथं बांधलेला, कॅमेरा इकडून आला तेव्हा कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस घरचा. लातूरकडची एक मुलगी होती, तिनं काडेपेटी उचलून पलीकडे ठेवली, 'दादा जिना डावीकडं होता, बाईच्या हातात बादली होती तेव्हा दिसला की.' पाच मिनिटं कुणीच बोललं नाही, कारण जिना डावीकडे असेल तर नोकराला मागचं दार दिसतच नव्हतं. टपरीवाले काका तेवढ्यात म्हणाले, 'बादली आधीच्या भागात होती', आणि सगळं परत पहिल्यापासून. इतकं लक्ष देऊन बघणारी माणसं सिरियल लिहिणाऱ्यांना मिळतात, आणि ते सातत्य सांभाळत नाहीत, जिना एका भागात डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे, याचा राग येतो तो रास्तच आहे.

कायद्यावरचे वाद बहुतेक कबुलीजबाबाशी येऊन थांबतात. सिरियलमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत आरोपी इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो आणि केस संपते. प्रत्यक्षात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही, १८७२च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं आणि १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ झालं. त्याला पळवाट म्हणा किंवा अपवाद म्हणा एकच, आरोपीनं सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतला कोयता, तर तेवढ्यापुरतं त्याचं सांगणं धरलं जातं. म्हणून जाणकार माणूस कबुली ऐकत नाही, तो बघतो की कोयता कुणी काढला आणि पंच होते का. नार्को टेस्टचंही तसंच, २०१०मध्ये सुप्रीम कोर्टानं संमतीशिवाय ती करता येणार नाही असं सांगितलंय तरी सिरियलमध्ये उठसूट खुर्चीला बांधतात. आणि अटक केल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे तर संविधानातच आहे, पण सिरियलमधला संशयित चार भाग त्याच खोलीत बसून असतो. यावर उत्तर येतं की चार भाग म्हणजे गोष्टीतली एकच रात्र, ते मात्र मान्य करावं लागतं.

मृत्यूच्या वेळेवर बोलायला मेडिकलचं कुणी असेल तर वादाचा रंगच बदलतो. शरीर ताठ व्हायला साधारण पहिल्या दोन-तीन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरुवात होते, बारा तासांच्या आसपास सगळं अंग ताठतं आणि मग दिवस-दीड दिवसात सैल पडतं, उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. त्यामुळे मे महिन्यातल्या खुनाची वेळ डॉक्टर नुसता हात लावून 'रात्री अकरा ते सव्वाअकरा' सांगतो तेव्हा ससूनला शिकलेली माणसं हताश होतात. त्यांचं म्हणणं की इतका बारीक आकडा कुणीच देऊ शकत नाही, काही तासांचा पट्टा सांगायचा असतो.

चर्चेतले शब्द ठरलेले आहेत. लिंक लागत नाही, ताणलंय, ट्रॅक बदलला, आणि प्रोमोत दाखवलं ते स्वप्न निघालं, ही शेवटची तक्रार सगळ्यात कडवट. एप्रिल २०२५मध्ये सीआयडीत एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेले असं दाखवलं तेव्हा पर्वतीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांपासून ते कॉलेजच्या पोरांपर्यंत एकच प्रश्न होता, बॉडी दाखवली का? बॉडी नाही तर मृत्यू नाही हा या चर्चेतला सगळ्यात पक्का नियम, आणि पुढे ते पात्र परत आलं तेव्हा नियम खरा ठरला. पण वीस वर्षं सोबत असलेल्या माणसाला असं मारून परत आणणं बऱ्याच जणांना आवडलेलं नाही, मलाही नाही.

ताजा भाग म्हणजे काय हे पूर्वी विचारायची गरज नव्हती, आता पडते. टीव्हीवर रात्री लागणारा भाग ॲपवर पैसे भरणाऱ्याला आधीच बघता येतो, बाकीचे रात्री बघतात, काही जण दुसऱ्या दिवशीचा रिपीट. त्यामुळे एकाच कट्ट्यावर तीन वेळचे लोक असतात. ज्यानं आधी बघितलंय त्यानं तोंड बंद ठेवायचं असा संकेत आहे आणि तो मोडणाऱ्याला चहाचे पैसे भरायला लावतात. काहींच्या मते ताजा भाग म्हणजे जो टीव्हीवर लागून गेला तोच, ॲपवरचा धरायचा नाही, आणि पेठांमध्ये तरी हेच चालतं.

कॅम्पात आणि कोंढव्याकडे ही चर्चा हिंदीत चालते, विषय जास्त करून क्राइम पेट्रोलचे. पिंपरी-चिंचवडला २०१८मध्ये स्वतःचं आयुक्तालय मिळालं तेव्हापासून तिकडच्या लोकांना 'आमचे एसीपी वेगळे' हे सांगायला आवडतं. बाणेर-हिंजवडीकडच्या कंपन्यांमधून वेबसिरीज चालतात, सगळे भाग एकदम आलेले, त्यामुळे तिथं पहिला प्रश्न 'कितव्यावर आहेस?' असतो. मेट्रोत पाच जण असतील तर सगळ्यात मागं असलेला माणूस ज्या भागावर आहे तिथपर्यंतच बोलायचं, आणि तो सिव्हिल कोर्टला उतरला, दार लागलं, की मग बाकीचे पुढचं काढतात.