छतावरचा डाग आणि वरच्या घरातली खुर्ची

दोन वर्षांपूर्वी आमच्या ठाण्याच्या घरात पॅसेजच्या छतावर ताटलीएवढा पिवळसर डाग उमटला. वरच्या घराची न्हाणी त्या जागेपासून चांगली सहा-सात फूट दूर होती. त्यामुळे वरच्या काकूंनी "आमची न्हाणी तिकडे, मग पाणी इकडे कसे उतरेल?" असे विचारले, तेव्हा तो प्रश्न मला टाळाटाळीचा वाटला नाही. तो अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर आमच्या दोन घरांमधल्या स्लॅबच्या पोटात होते.

आपल्याकडच्या पुष्कळ इमारतींत न्हाणीखालचा स्लॅब बाकीच्या खोल्यांच्या पातळीपेक्षा साधारण ८ ते १२ इंच खाली सोडलेला असतो. या खोलगट जागेत सांडपाण्याचे पाइप बसवतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर लादी घालतात. म्हणजे लादीखाली एक उथळ हौदच तयार होतो. लाद्यांच्या सांध्यांतून किंवा न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेच्या फटीतून रोज कपभर पाणी मुरले, तरी ते विटांच्या तुकड्यांत साठत जाते आणि तळाचे वॉटरप्रूफिंग जिथे उखडले असेल तिथून स्लॅबमध्ये शिरते. तिथून ते सरळ खाली येईलच असे नाही. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी घातलेल्या नळ्या त्याला आयती वाट देतात, आणि म्हणूनच पाणी अनेकदा नेमके पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याच्या पॉइंटमधून ठिबकते. असे ठिबकताना दिसले, तर इतर काही करण्याआधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा.

नळी नसली तरी काँक्रीट स्वतः पाणी ओढते, कारण त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. पृष्ठताणामुळे पाणी अरुंद वाटेत खेचले जाते, आणि वाट जितकी अरुंद तितकी ही ओढ जास्त. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी त्रिज्या असलेल्या आदर्श नळीत पाणी, हिशेबाने, सुमारे १५ मीटर उंच चढू शकते. भिंतीत एवढे चढणे प्रत्यक्षात होत नाही, कारण वाटेत ते वाळत जाते; पण पाणी आडवेही जाते आणि वरही चढते, हे यावरून समजावे. म्हणूनच डागाच्या बरोबर वरची लादी फोडायला गवंड्याला बोलावणे हा बहुधा वाया जाणारा खर्च असतो.

शोध घ्यायचा तर आधी वेळापत्रक पाहावे. फक्त पावसाळ्यात वाढणारी ओल बाहेरच्या भिंतीकडे किंवा गच्चीकडे बोट दाखवते, अहोरात्र सारखी राहणारी ओल दाबाखालच्या पाइपकडे, आणि वापरानंतर वाढणारी ओल लादीकडे किंवा सांडपाण्याच्या वाटेकडे. मी रोज सकाळी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहीत गेलो. वरचे कुटुंब आठ दिवस गावी गेले, तेव्हा त्यांच्या नळांना येणारे पाणी चालूच होते, तरीही रेघ जागची हलली नाही. ते परतल्यावर तिसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर आला. पाणी भरणारा पाइप निर्दोष होता, हे तेवढ्यावरून कळले. मग काकूंच्या संमतीने ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीत दोन इंच पाणी २४ तास साठवले आणि पातळीची खूण केली. पातळी उतरली, आणि दोष ट्रॅपभोवतीच्या सांध्यात निघाला. कोणी अशा पाण्यात नीळ कालवायला सांगतात. पण नीळ पुडीची असेल तर तिचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते वाटेतच गाळले जातात. त्यापेक्षा खाण्याचा रंग बरा. तोही खाली उतरला नाही म्हणून गळती नाही, असे मात्र समजू नये.

खालून छताला जलरोधक रंग फासणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण त्याने पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. निरोगी काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२.५ च्या वर असतो, आणि त्यामुळे आतल्या सळयांवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साहाय्याने हळूहळू ही अल्कता मारतो. मग ओल आणि प्राणवायू मिळताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. हळदीला चुना लागला की ती लाल होऊन कुंकू बनते, त्याच तत्त्वावर अभियंते फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात: गुलाबी झाले तर अल्कता शाबूत आहे, रंगहीन राहिले तर सळईचे कवच गेले आहे.

खर्चाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पुरेसे स्पष्ट आहेत. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. न्हाणी, संडास, सिंक यांची अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकाने, संस्थेच्या समन्वयाने. इमारत नवी असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष २०१६ च्या रेरा कायद्यानुसार विकासकाने ३० दिवसांत विनाशुल्क दूर करायचा असतो.

आवाजाचे गणितही पाण्यासारखेच फसवे आहे. सहा इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे वरचे बोलणे किंवा टीव्ही तो चांगला अडवतो. पण खुर्ची ओढली की तिचा पाय स्लॅबलाच हादरा देतो. तो हादरा काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे साडेतीन हजार मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या दसपट वेगाने पसरतो, तुळयांत आणि भिंतींत शिरतो, आणि मग भिंतीसुद्धा ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारख्या वाजतात. कोपऱ्यातल्या किंवा दोन मजले वरच्या घरातली ठोकाठोक अगदी डोक्यावर चालल्यासारखी वाटते, ती यामुळेच. आणि दोष भलत्याच शेजाऱ्याच्या माथी बसतो. नुसत्या फॉल्स सीलिंगने भिंतींतून येणारा हा आवाज थांबत नाही.

टाचा आपटत चालण्याचा जड, खोल आवाज आवरणे सर्वांत अवघड. दक्षिण कोरियात आणि जपानमध्ये तो मोजण्यासाठी अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून जमिनीवर टाकतात, आणि कोरियात भिंतींवर उभ्या असलेल्या सदनिका-इमारतींत स्लॅब किमान २१० मिलिमीटर जाड असावा, असा नियम आहे. आपल्या पाच-सहा इंची स्लॅबवर जाड सतरंजी आणि पायात मऊ सपाता एवढेच साध्य आहे, आणि त्यानेही फरक जाणवतो.

खुर्चीचे मात्र पूर्ण निराकरण होते. न्हाणीची दुरुस्ती संपली, त्या आठवड्यात मी काकूंना फेल्टच्या सोळा चकत्या नेऊन दिल्या आणि आम्ही दोघांनी मिळून चार खुर्च्यांच्या पायांना त्या चिकटवल्या. चकत्यांत धूळ बसली की त्या कडक होतात, म्हणून दर सहा महिन्यांनी बदलतो. छताला नवा रंग मात्र लगेच दिला नाही. कोब्यात साठलेले पाणी वाळायला वेळ लागतो. पेन्सिलीची शेवटची रेघ सलग दोन महिने तशीच राहिली, तेव्हाच रंगाऱ्याला बोलावले.