साबळेचे वीस सेकंद

ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीची, शेवटची शंभर मीटर. पुढे केनियाचा अब्राहम किबिवोट, मागून जवळ येत चाललेला बीडचा अविनाश साबळे. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. त्या वेगाला हे अंतर दीड वीत भरते. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची अठराही पदके केनियाकडे गेली होती. म्हणून हे रौप्य नेहमीच्या रौप्यापेक्षा वजनदार आहे.

ही शर्यत नुसत्या दमाची नाही. एकूण अडथळे ३५, त्यांतले ७ पाण्याचे. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० किलो. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो, इथे माणूस पडतो. पाण्याच्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर. अडथळ्याला लागून तो सर्वांत खोल, मग तळ चढत चढत ट्रॅकला येऊन मिळतो. त्यामुळे बहुतेक धावपटू दांड्यावर एक पाय रोवून जोर लावतात आणि जमेल तितके लांब, उथळ पाण्यात उतरतात. उडी तोकडी पडली की गुडघाभर पाण्यातून पाय उपसावा लागतो. एकदा तुटलेली लय पुन्हा धरायला जे बळ जाते, ते शेवटच्या फेरीत कमी पडते. घोळक्यात अडचण आणखी वाढते: पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा उशिरा दिसतो, पावलांचा हिशेब चुकतो आणि नको त्या पायावर उडी घ्यावी लागते.

साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करणारे. बारावीनंतर तो लष्करात, ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. स्पर्धात्मक धावणे २०१५ मध्ये लष्करी क्रॉस कंट्रीतून सुरू झाले. म्हणजे विशीपर्यंत ट्रॅकशी संबंधच नाही. आपल्याकडच्या प्रशिक्षण केंद्रांत हे वय उशिराचे धरतात. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

गोपाल सैनींचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ चा, टोकियोतला. तो ३७ वर्षे टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० अशी वेळ दिली. सुधारणा जेमतेम एका सेकंदाची, पण तिथून गाडी सुटली. पुढचा टप्पा २०१९ ची दोहातली जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याला अडथळा झाला, तरी ८:२५.२३ चा नवा विक्रम झाला. भारताची तक्रार मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत घेतले आणि तिथे त्याने ८:२१.३७ अशी वेळ नोंदवली. ऑलिम्पिक पात्रतेची वेळ ८:२२.०० होती. ती अशी, तक्रारीच्या वाटेने का होईना, गाठली गेली.

देशात त्याची खरी अडचण प्रतिस्पर्धी नसणे ही होती. सुरुवातीपासून एकटे पुढे पळायचे आणि वेग घड्याळाकडे बघून राखायचा. विक्रम त्याने होतात, पण घोळक्यात तग धरण्याची, अचानक वाढलेल्या वेगाला उत्तर देण्याची सवय लागत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने प्राथमिक फेरीत ८:१८.१२ असा आणखी एक विक्रम केला आणि गटात सातवा येऊन बाहेर पडला. त्याच्याहून हळू धावलेले काही जण मात्र आपल्या गटात वरच्या क्रमांकावर आल्याने पुढे गेले. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक अंतिम फेरीत उलटेच झाले. शर्यत संथ गेली, मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ८:२५.१३ मध्येच जिंकली, आणि जूनमध्ये रबातला ८:१२.४८ धावलेला साबळे ८:३१.७५ वेळेसह अकरावा. संथ शर्यतीचा निकाल शेवटच्या फेरीतल्या झपाट्यावर लागतो. त्या झपाट्याचा सराव एकट्याने होत नाही.

म्हणूनच प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या उंचीवर जाणे महत्त्वाचे ठरले. सपाट शर्यतींतही फरक दिसला. बहादूर प्रसाद यांचा पाच हजार मीटरचा १३:२९.७० हा विक्रम १९९२ पासून होता. मे २०२२ मध्ये साबळेने तो १३:२५.६५ वर आणला, वर्षभराने १३:१९.३० वर. स्टीपलचेसवाल्याने सपाट पाच हजार सुधारणे म्हणजे पाया भक्कम होणे. अर्धमॅरेथॉनमध्ये तर तो २०२० सालीच, दिल्लीत, १ तास ३० सेकंद धावला होता.

तरी चढउतार राहिलेच. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत गटातले पहिले पाच पुढे जाणार होते, हा सातवा. दीड महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने पुढे राहून ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण घेतले आणि पाच हजारात रौप्यही. आशियात त्याची एकट्याने पुढे पळण्याची रीत चालते, जागतिक मैदानावर ती पुरत नाही. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धामालिकेत, ८:०९.९१ झाले. महिनाभराने त्याच शहरात तो ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेस धावपटू ठरला. वेळ ८:१४.१८, क्रमांक अकरावा. महिलांमध्ये साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्येच रिओत ही पायरी चढली होती.

८:२९.८० ते ८:०९.९१ म्हणजे सुमारे वीस सेकंद. चारशे मीटरमागे पाहिले तर ६८ वरून ६५ सेकंद, आणि तेही अडथळे ओलांडत, साडेसात वेळा.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई विजेतेपद मिळाले. जुलैत मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. हाच अस्थिबंध उडीनंतर एका पायावर उतरताना गुडघा सरकू देत नाही, आणि स्टीपलचेसच्या एका शर्यतीत असे उतरणे ३५ वेळा येते.