आशा कार्यकर्ती (मराठवाडा)

गावातच राहणारी, थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेली आणि केलेल्या कामानुसार मोबदला मिळणारी आरोग्य कार्यकर्ती. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आले. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमतात. ती विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी, असा निकष आहे. लेक लग्न होऊन जाते, सून गावात राहते, हा त्यामागचा हिशोब. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या गावांत तो पुरता बसत नाही, कारण तिथे सून आणि तिचे अख्खे घरच अर्धे वर्ष बाहेर असते.

गावच्या बाईला आरोग्याचे काम शिकवण्याचा प्रयोग या भागाला नवा नव्हता. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये (अहिल्यानगर जिल्हा) डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी घडवलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. धाराशिव जिल्ह्यात अणदूर (ता. तुळजापूर) येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने अशाच गावकरी स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. सरकारी योजनेत मात्र उपचारापेक्षा नोंद, पाठपुरावा आणि दवाखान्यापर्यंत सोबत यांवर भर राहिला.

आशाच्या पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, लोहाच्या गोळ्या असतात. पण तिचे कौशल्य दिसते ते बाळंतिणीच्या घरी. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. हात धुऊन ती बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर लावते आणि घड्याळ पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, बाळाने अंगावरचे दूध न ओढणे या धोक्याच्या खुणा. मग गाडी बोलावून बाळाला दवाखान्यात पोचवायचे. वजन अडीच किलोच्या आत असले तर भेटी वाढतात. खरी कसोटी बहुधा सासूशी बोलताना लागते: पहिला चीक पिळून टाकू नका, गुटी-मध चाटवू नका, हे तिशीतल्या बाईने साठीतल्या बाईला तिच्याच ओसरीवर सांगायचे असते. सहा भेटी पूर्ण झाल्या की मोबदला २५० रुपये.

पहिले बाळंतपण माहेरी करायच्या रिवाजामुळे गरोदरपणाच्या नोंदी एका आशाकडे आणि बाळाच्या भेटी दुसरीकडे, असे नेहमी होते. ऊसतोडीने हा गुंता फार वाढतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मजूर मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्यातच परततात. त्यांत गरोदर बाया असतात, लसीकरण अर्धवट राहिलेली लेकरे असतात, क्षयाची औषधे चालू असलेली माणसे असतात. मजुरांची टोळी जिथे कोपी (तात्पुरती झोपडी) घालून राहते, तिथल्या आशाच्या यादीत ही माणसे सहसा नसतात. गावची आशा निघताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यायला सांगते, नंतर फोन लावत राहते. याहून जास्त तिच्या हातात काही नसते. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. लोकसंख्या जागची हलत नाही असे धरून आखलेली योजना अशा जिल्ह्यात तोकडी पडते. तो दोष आशाचा नव्हे.

मुख्य गावापासून लांब असलेल्या तांड्यांची आणि शेतवस्त्यांची अडचण निराळी: यादीत हजारच माणसे, पण पायपीट दुप्पट.

कोविडकाळात २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरच्या तपासणीचा मोठा भार आशांवर होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. मानधनासाठी मात्र त्यांना वारंवार संप करावे लागले. २०२३-२४ मधील आंदोलनानंतर राज्याने आपल्या वाट्यात महिना पाच हजारांची वाढ केली. आशांच्या कामावर देखरेख ठेवून त्यांचे अहवाल गोळा करणाऱ्या गटप्रवर्तकही कायम कर्मचारी नाहीत.