जलाशयाची पातळी घटणे (खानदेश)

धरण, तलाव किंवा नैसर्गिक सरोवर यांतील पाणी वर्षागणिक खाली जात राहणे म्हणजे जलाशयाची पातळी घटणे. पावसाळ्यात भरलेले धरण मे महिन्यात तळाला जाते, तो वापराचा नेहमीचा क्रम आहे. बऱ्या पावसाच्या वर्षीही जलाशय पूर्वीइतका भरत नाही, किंवा भरूनही पूर्वीइतका पुरत नाही, तेव्हा ती खरी घट समजावी.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत निसर्गनिर्मित सरोवरे नगण्यच. सातपुड्यात सुमारे अकराशे मीटर उंचीवरचा तोरणमाळचा यशवंत तलाव हे त्यांतले ठळक नाव. बाकी मोठे साठे माणसाने अडवलेले : तापीवरचे हतनूर, गिरणा व वाघूर नद्यांवरची त्याच नावांची धरणे, पांझरेवरचे अक्कलपाडा, धुळे शहराची तहान भागवणारे नकाणे व डेडरगाव तलाव. त्यामुळे येथे पाणी कुठे गेले या प्रश्नाचे उत्तर आभाळाइतकेच हिशेबातही शोधावे लागते. किती आले, किती उडाले, किती उचलले आणि किती जागा गाळाने खाल्ली, या चार गोष्टी त्यात येतात.

वरून येणारे पाणी. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. त्याची भिंत नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आहे, पण त्याच्या आवर्तनांवर (कालव्यात ठरावीक काळाने सोडलेल्या पाण्यावर) चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची शेते आणि अनेक गावांच्या पाणीयोजना चालतात. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी (अब्ज घनफूट). मात्र गिरणा व तिच्या उपनद्यांवर वरच्या अंगाला चणकापूर, पुनंद, हरणबारी, केळझर ही धरणे आहेत. ती भरल्याखेरीज खाली मोठा पूर येत नाही. म्हणून चाळीसगावात धो धो पाऊस पडला तरी गिरणा धरण अर्धेच राहू शकते. गिरणाकाठचा शेतकरी कळवण-सटाण्याकडच्या पावसाची चौकशी आधी करतो, ती उगाच नव्हे. पावसाळ्यानंतर नदीला जो बारीक प्रवाह राहायचा, तोही काठच्या विहिरी आणि बोअर आधीच ओढून घेतात. वाळूउपशाने पात्र खरवडले गेले की पाणी धरून ठेवणारा थरही जातो.

बाष्पीभवन. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. कोरडा वारा असेल तर जलाशयाची पातळी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास केवळ उन्हाने उतरते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी लिटर, तेही एका दिवसात. पसरट, उथळ तलावाला ही झळ अधिक बसते, कारण साठ्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. गाळाने तळ वर आला की खोल धरणही याच वाटेने जाते.

गाळ. या कारणाची चर्चा सर्वांत कमी होते, आणि माझ्या मते खानदेशाला सर्वांत जास्त ग्रासणारे कारण हेच आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि वऱ्हाडची काळी माती हतनूरच्या जलाशयात आणून टाकते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेल्या भागातले ढेकूळ हातात घेतले तर ते विटेसारखे टणक लागते, पाण्यात टाकले की लोण्यासारखे विरते. वाळूचा कण त्यात नावालाच. भर पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांतून गढूळ पाणी सोडून दिले जाते आणि धरण हंगामाच्या शेवटी भरून घेतले जाते. तरीही गाळ साचतोच. अशा वेळी मोजपट्टी फसवते : पातळी तीच दिसते, खाली पाणी मात्र कमी असते. रावेर, यावल, चोपड्याचे कालवे आणि दीपनगरचे वीजकेंद्र हतनूरवरच अवलंबून आहेत.

हा अनुभव खानदेशापुरता नाही. उपग्रहांच्या नोंदींवरून १९९२ ते २०२० या काळातील १,९७२ मोठ्या सरोवरांचा व जलाशयांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५३ टक्क्यांचा साठा घटलेला आढळला. नैसर्गिक सरोवरांत तापमानवाढ व माणसाचा उपसा ही मोठी कारणे निघाली, तर धरणांच्या जलाशयांत गाळ. मध्य आशियातला अरल समुद्र कापसाने आटवला. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्या १९६० नंतर शेतीकडे वळवल्या गेल्या. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

काठावर दिसणारी लक्षणे. पातळी उतरू लागली की खडकांवर फिकट पट्टे उमटतात, एकाखाली एक. काठावरच्या मोटारींचे पाइप दर काही दिवसांनी पुढे सरकवावे लागतात. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे ओल्या गाळावरची पेरणी, होते; नदीपात्रात टरबूज-खरबुजांचे डांगरमळे लागत, तसाच हा प्रकार. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी ट्रॅक्टरने गाळ शेतात नेतात. पाझर तलावांना त्याचा चांगला उपयोग होतो. हतनूरएवढ्या जलाशयाचा गाळ मात्र ट्रॅक्टरच्या आवाक्यातला नाही.

वाटप. पांझरेकाठच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या शेतीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असत आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. नदीला पाणी कमी दिसले की त्या वर्षी भिजवायचे फड कमी केले जात, आणि पाटकरी (पाटाचे पाणी सोडणारा माणूस) उरलेल्या फडांना ठरलेल्या क्रमाने पाणी देई. कोणते पीक घ्यायचे हे पाणी पाहून ठरे.