पंधरा गिगाज्यूलमधले आयुष्य

एका माणसाला नीट जगायला वर्षाला किती ऊर्जा लागते? जोएल मिलवर्ड-हॉपकिन्स, ज्युलिया स्टाइनबर्गर, नरसिंह राव आणि यानिक ओसवाल्ड या संशोधकांनी २०२० मध्ये हा हिशेब पैशांत न मांडता वस्तूंच्या यादीवरून मांडला. पोटभर अन्न, चार जणांचे घर आणि त्यात माणशी १५ चौरस मीटर जागा, रोज ५० लिटर पाणी, आंघोळीपुरते २० लिटर गरम पाणी, वर्षाला ४ किलो नवे कपडे, दहा वर्षांवरील प्रत्येकाला फोन, घरटी एक लॅपटॉप, प्रदेशानुसार वर्षाला ५ ते १५ हजार किलोमीटर प्रवास. शाळा आणि रुग्णालये चालवायची, या वस्तू तयार करायची ऊर्जाही त्यात धरली. उत्तर आले माणशी सुमारे १५.३ गिगाज्यूल.

विजेच्या मापाने हे ४,२५० युनिट होतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या मापाने १४.२ किलोचे साधारण साडेतेवीस सिलिंडर. आज जगाची सरासरी याच्या तिपटीहून जास्त आहे. २०५० मध्ये सगळ्या माणसांना ही यादी पुरवायची म्हटली, तरी जगाचा ऊर्जावापर आजच्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी असेल.

यात दोन अटी आहेत. तंत्रज्ञान उत्तम हवे आणि वाटप बऱ्यापैकी समान हवे. साध्या चुलीत लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला मिळते, तर गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त. म्हणजे त्याच भाजी-भाकरीला चूल कितीतरी पट ऊर्जा खाते, शिवाय धूर वेगळाच. भारताची माणशी सरासरी आजच १५ गिगाज्यूलच्या थोडी वर आहे, तरी कोट्यवधी घरांत ही यादी पुरी होत नाही, त्याचे कारण या दोन अटींत आहे.

आरोग्याचेही तसेच. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवले की गरीब देशांत उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते, पण श्रीमंत देशांत ती रेषा जवळजवळ आडवी होते. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या छोट्या देशाचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या एका लहान हिश्श्याइतके असूनही तिथले आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचे, काही वर्षी तर जास्तच राहिले आहे. १९४१ मध्ये सुरू झालेला सामाजिक विमा आणि १९९० च्या दशकात उभी राहिलेली प्राथमिक आरोग्य पथके हे त्यामागचे मोठे कारण आहे. सुमारे चार हजार लोकांमागे डॉक्टर, परिचर्या साहाय्यक आणि घरोघरी फिरणारा आरोग्य कार्यकर्ता, अशी त्या पथकाची रचना असते.

मग इतके पुरेसे असताना प्रत्येक सरकार आर्थिक वाढीच्या मागे का धावते? कारण रोजगार, बचत आणि सरकारी तिजोरी या तिन्ही गोष्टी आज वाढीला बांधलेल्या आहेत. अर्थव्यवस्था नुसती थांबवली तर त्याला मंदी म्हणतात, आणि मंदीत पहिला मार गरिबालाच बसतो. म्हणून या गाठी आधी सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ रोजगाराची. समजा, कामाची उत्पादकता वर्षाला २ टक्क्यांनी वाढते आणि एकूण उत्पादन तेवढेच ठेवायचे आहे. दहा वर्षांनी पूर्वीच्या १०० माणसांचे काम ८२ जणांत होईल. उरलेल्या १८ जणांचे काय? एकतर त्यांना घरी बसवायचे, नाहीतर सगळ्यांचा ४८ तासांचा आठवडा साडेएकोणचाळीस तासांवर आणायचा. तासाचा पगार उत्पादकतेइतका वाढत राहिला, तर महिन्याचा पगार कमी होत नाही. हे जमते याचा अल्पकाळाचा पुरावा जर्मनीत मिळाला. २००९ मध्ये तिथले उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरले, पण कंपन्यांनी माणसे काढण्याऐवजी तास कमी केले आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मुले असलेल्यांना ६७ टक्के भाग सरकारी विम्यातून भरला गेला. बेरोजगारी फारशी वाढली नाही.

मात्र २ टक्के ही सरासरी आहे. कारखान्यात यंत्र आले की उत्पादकता वाढते; परिचारिकेला रुग्णाची जखम धुवायला आजही तेवढाच वेळ लागतो, आणि लागलाच पाहिजे. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमॉल यांनी १९६० च्या दशकातच हे मांडले होते: अशा सेवांचा खर्च बाकीच्या वस्तूंच्या तुलनेत वाढतच जातो. म्हणून रुग्णालयात तास कमी करायचे तर आधी भरती करावी लागते आणि तिचा पैसा कारखान्यांच्या फायद्यातून करामार्फत आणावा लागतो. फ्रान्समध्ये ३५ तासांचा आठवडा रुग्णालयांत आला तेव्हा पुरेशी माणसे आधी नेमली गेली नव्हती. कामाचा ताण वाढला आणि न घेता आलेल्या रजा खात्यात साठत गेल्या. धोरण बरोबर होते, पण क्रम चुकला.

दुसरी गाठ बचतीची, म्हणजे साठलेल्या संपत्तीची. अर्थव्यवस्था स्थिर आहे आणि भांडवलावर ३ टक्के परतावा मिळतो, असे धरा. मालकाने तो सगळा परत गुंतवला तर त्याची संपत्ती सुमारे २४ वर्षांत दुप्पट होते. एकूण उत्पन्न तर तेवढेच आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी वाटा कमी झाला. व्याज आहे म्हणून वाढ अटळ, असे सर्रास सांगितले जाते. टिम जॅक्सन आणि पीटर व्हिक्टर या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रारूप मांडून दाखवले की व्याजावर चालणारी पतव्यवस्थाही स्थिर राहू शकते. ते तेव्हाच जमते जेव्हा परतावा साठत न राहता खर्च होतो. वारसा कर आणि संपत्ती कर यांची गरज इथे येते, आणि माझ्या मते राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड पायरी हीच आहे. घरभाड्याचा भाग त्या मानाने सोपा: व्हिएन्नात जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात, त्यामुळे तिथे पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जात नाही.

तयारीविना वाढ मंदावली तर काय होते हे जपानने दाखवले. १९९० नंतर तिथे आयुर्मान वाढत राहिले, बेरोजगारीही फार चढली नाही. पण कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी आणि अर्धवेळ कामे आली, ती आता एकतृतीयांशाहून जास्त आहेत, आणि तिसऱ्या गाठीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीपलीकडे गेले.

निसर्गाच्या बाजूचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, कारण उत्पन्न स्थिर असूनही जंगल तुटू शकते. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी त्यासाठी तीन नियम सांगितले: नूतनीकरणक्षम साधने जेवढी परत तयार होतात तेवढीच वापरा, कचरा निसर्ग पचवेल तेवढाच टाका, आणि न भरून येणारी साधने पर्याय उभा राहील त्याच वेगाने संपवा. अंमलबजावणीत आधी एकूण मर्यादा ठरवावी लागते, कार्यक्षमता त्यानंतर. उलटे केले तर कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीतून वाचलेला पैसा विमानाच्या तिकिटावर जातो. मर्यादाही खरी लागते. युरोपीय संघाने २००५ मध्ये कारखान्यांसाठी कार्बन हवेत सोडण्याचे परवाने सुरू केले तेव्हा ते गरजेपेक्षा जास्त वाटले गेले, आणि २००७ मध्ये त्यांची किंमत शून्याजवळ आली.

भारतात यातला बराच भाग आज लागू करायचा नाही. इथे अजून घरे, गटारे, दवाखाने आणि सार्वजनिक बस वाढायला हव्यात. पण कामाचे तास, वारसा कर आणि भूजलाची मर्यादा या तीन गोष्टींसाठी श्रीमंत होईपर्यंत थांबायचे कारण नाही.